बांगाई कार्डिनल घरी आणताना

मागच्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल लिहिलं होतं. त्या लेखासोबत माझ्या घरच्या बांगाई कार्डिनल या समुद्री माशाच्या जोडीचा फोटो छापून आला आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी त्या जोडीबद्दल. चंदेरी अंग, त्यावर तीन काळे उभे पट्टे, काळ्या परांवर पांढरे ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी. मासा इतका देखणा आणि इतका शांत, की दुकानात पाहताक्षणी घ्यावासा वाटतो. माझी काळजी नेमकी तीच आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच्यासाठी.

*ताई, आमच्याकडे दोन फुटी टँक आहे. आत्ता त्यात गोल्डफिश आहेत, ते मित्राला देणार आहे. मग त्याच पाण्यात मीठ घालून पाच बांगाई सोडायचे आहेत. दुकानदार म्हणतो, पाच घ्या, घोळक्यात छान दिसतात. चालेल ना? – एक वाचक, ठाणे*

नाही चालणार. रागावू नका, पण कारणं ऐकून घ्या.

दोन फुटी टँकमध्ये साधारण साठ लिटर पाणी मावतं. बांगाईच्या एका जोडीला निदान शंभर ते सव्वाशे लिटर हवं. पाच पिल्लं काही महिने गुण्यागोविंदाने राहतील, दुकानदार म्हणतो तशी शोभूनही दिसतील. मग ती वयात येतात, त्यातल्या दोघांची जोडी जमते आणि ती जोडी उरलेल्या तिघांना कोपऱ्यात दाबायला लागते. दबलेला मासा खायला पुढे येत नाही. त्याचे पर फाटतात आणि एक दिवस तो पॉवरहेडला, म्हणजे टँकमधल्या पाणी फिरवणाऱ्या पंपाला, चिकटलेला सापडतो. समुद्रात हेच मासे घोळक्याने असतात, पण तिथे हरलेल्याला दूर जायला जागा असते. जोडी हवी असेल तर चार-पाच पिल्लं घेऊन वाढवा, जोडी जमली की बाकीची दुसऱ्याला द्या, आणि ती कुणाला द्यायची हे आधीच ठरवून ठेवा. नर-मादी दुकानात नुसतं बघून ओळखता येत नाही. कुणी परांच्या लांबीवरून छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता मीठ. घरातलं मीठ नाही, मरीन सॉल्ट. नुसत्या सोडियम क्लोराइडवर समुद्री मासा जगत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरंच काही त्याला लागतं. नळाचं पाणीही नको, आरओचं घ्या. लिटरला साधारण ३५ ग्रॅम सॉल्ट वेगळ्या बादलीत विरघळवा, रात्रभर पंप लावून फिरवा आणि रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या उपकरणावर १.०२५ आलं की मगच टँकमध्ये ओता. स्वस्तातला तरंगता हायड्रोमीटर बरेचदा चुकीचं दाखवतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि घाई नको. पाणी, दगड, पंप लागल्यावर टँकमध्ये जिवाणूंची वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागतं. टेस्ट किटवर दोन्ही शून्य सलग दिसल्याशिवाय मासा आणायचा नाही. एवढा वेळ रिकामा टँक बघवत नाही हे मला माहीत आहे. तरीही थांबा.

*पुण्यातल्या एका दुकानातून तीन बांगाई आणले. चौथ्या दिवशी एकाने खाणं सोडलं, अंग काळवंडलं, पांढरट लांब विष्ठा लोंबायला लागली, श्वास जोरात. दहा-बारा दिवसांत तिघेही गेले. टँकमधले क्लाऊनफिश मात्र ठणठणीत. अमोनिया, नायट्राइट शून्य आहे. दुकानदाराने दिलेलं अँटिबायोटिकही घातलं. माझं काय चुकलं? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड*

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलेली लक्षणं बांगाईच्या इरिडोव्हायरस या विषाणूच्या आजाराशी तंतोतंत जुळतात. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते, पण काळवंडणं, मलूल होणं, पांढरी विष्ठा, धाप आणि बाकीचे मासे सुखरूप हा सगळा संच एकत्र दिसला की माझा पहिला संशय त्याच्यावरच जातो. २००९ मध्ये या आजाराची सविस्तर शास्त्रीय नोंद झाली. विषाणू प्लीहा आणि मूत्रपिंड पोखरतो. त्यावर औषध नाही, अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. जाळी, बादल्या धुऊन उन्हात कडक वाळवा आणि त्या टँकमध्ये इतक्यात दुसरे बांगाई आणू नका.

पण हा आजार येतो कुठून, हे मला सगळ्या वाचकांना सांगायचं आहे.

बांगाई जगात नैसर्गिकरीत्या एकाच ठिकाणी सापडतो, इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला असलेल्या बांगाई बेटांच्या आसपास. वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश अभ्यासकाने १९२० मध्ये जमवलेल्या नमुन्यांवरून १९३३ मध्ये डच मत्स्यशास्त्रज्ञ कौमन्स यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात 'कॉडर्नी' आहे. त्यानंतर साठ वर्षं कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा दिसला, १९९५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, आणि हौशी लोकांची मागणी सुरू झाली. काही वर्षांतच दरसाल सहा-सात लाख मासे पकडले जाऊ लागले. या माशाला राहण्याजोगी उथळ जागा सगळी मिळून फक्त ३४ चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१६ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्याला घेण्याचा प्रस्ताव आला, तो दोन्ही वेळा मंजूर झाला नाही. इंडोनेशियाने २०१८ मध्ये मर्यादित संरक्षण दिलं.

पकडलेला मासा बेटावरच्या पिंजऱ्यात, मग होडीत, मग निर्यातदाराच्या टाकीत, मग विमानात आणि शेवटी आपल्या दुकानात येतो. वाटेत ठिकठिकाणचे मासे एकत्र कोंबले जातात, उपासमार होते आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. तुमच्या घरी आला तेव्हा मासा वरून ठीक दिसत असला तरी बहुधा आजार घेऊनच आला होता. तुमचं पाणी चांगलं होतं.

म्हणून माझा आग्रह एकच: हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेला बांगाई घ्या, नाहीतर घेऊ नका. त्याची पैदास अवघड नाही, थायलंडमध्ये ती व्यावसायिक प्रमाणावर होते. मुंबईच्या दुकानांत मी विचारते तेव्हा बहुतेकदा 'इंडोनेशियाचा माल' एवढंच उत्तर मिळतं. तेवढ्यावर थांबू नका. हॅचरीचं नाव विचारा, बिल दाखवायला सांगा. हॅचरीतला मासा सहसा लहान, तीनेक सेंटिमीटरचा असतो आणि कोरडे पेलेट खायला शिकलेला असतो. दुकानदाराला तुमच्या समोर खायला घालायला सांगा. जो पुढे येऊन खात नाही, तो आणायचा नाही. आणि आणल्यावर चार ते सहा आठवडे वेगळ्या, साध्या टँकमध्ये ठेवा. त्याला काचेची पेटी, एक स्पंज फिल्टर आणि पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पुरतात. हॅचरीतला मासा मिळत नसेल तर क्लाऊनफिश घ्या. सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची हॅचरी आहे.

*मॅडम, मी नववीत आहे. आमच्या बाबांच्या टँकमध्ये दोन बांगाई आहेत. त्यातला एक आठ दिवस काहीच खात नाही. त्याची हनुवटी फुगली आहे आणि तो सारखा तोंड हलवतो. बाबा म्हणतात आजारी आहे, औषध घालू. घालू का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

अगं, औषध अजिबात घालू नकोस! हे पत्र आधी बाबांना दाखव. तुमच्या घरी बाळंतपण चाललं आहे, आणि ते बाबा माशाचं आहे.

बांगाईत अंडी सांभाळतो नर, तीही तोंडात. मादी अंगावर थरथर आणत नराच्या बाजूने पोहते, मग नारिंगी अंड्यांचा एक गुच्छ सोडते आणि नर तो क्षणार्धात तोंडात घेतो. पाहणाऱ्याने पापणी मिटली तर हुकतं. एका गुच्छात चार-पाच डझन अंडी, प्रत्येक जवळजवळ तीन मिलिमीटरचं. समुद्री माशाच्या मानाने हे अंडं फार मोठं आहे. साधारण वीस दिवसांनी अंडी फुटतात, पण नर पिल्लांना लगेच सोडत नाही, आणखी आठ-दहा दिवस तोंडातच ठेवतो. त्या साऱ्या काळात तो खात नाही. सारखं तोंड हलवतो ते अंडी उलटीपालटी करून त्यांना ताजं पाणी देण्यासाठी. माझ्याकडचा नर या दिवसांत दगडाच्या आडोशाला एका जागी असतो आणि मादी त्याच्या पुढे फिरत राहते. एरवी गरीब असलेली ती मादी तेव्हा क्लाऊनफिशलासुद्धा पिटाळून लावते.

आता काय करायचं? काहीच नाही, हेच सगळ्यात महत्त्वाचं. जाळी घालू नका, दगड हलवू नका, काचेवर टकटक नको. घाबरलेला नर अंडी गिळतो किंवा थुंकून टाकतो. पहिल्या खेपेला तर तो तशीही गिळण्याची शक्यता बरीच असते, तसं झालं तर हिरमुसू नकोस, महिना-दोन महिन्यांत पुन्हा अंडी येतील. तांब्याचं औषध टँकमध्ये चुकूनही पडू देऊ नका.

पिल्लं बाहेर येतात तीच मुळी आईबापांची छोटी प्रतिकृती, पट्ट्यांसकट, अर्ध्या सेंटिमीटरहून जराशी मोठी. तू शाळेत शिकली असशील की बहुतेक समुद्री माशांची पिल्लं सुरुवातीला प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि दूर कुठेतरी वसतात. बांगाईच्या पिल्लांना तो टप्पाच नाही. बापाने जिथे सोडलं तिथेच ती वाढतात. म्हणून एका खाडीतले मासे संपले तर शेजारच्या बेटावरून नवे येऊन ती खाडी भरून निघत नाही. निरनिराळ्या बेटांवरचे बांगाई आनुवंशिकदृष्ट्याही वेगवेगळे झाले आहेत. हा मासा एवढ्याशा जागेत अडकला त्याचं कारण त्याच्या बापाच्या तोंडात आहे.

समुद्रात पिल्लं सी-अर्चिन या लांब काट्यांच्या गोल समुद्री जीवाच्या काट्यांमध्ये शिरून बसतात. घरी तो ठेवायची गरज नाही, त्याचे काटे विषारी असतात आणि हात घालताना हमखास टोचतात. छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूतून काळे केबल टाय आरपार खोचले की पिल्लांना तो अर्चिनच वाटतो. पिल्लं दिसली की हळूच मगाने उचलून जाळीच्या पेटीत घ्या, नाहीतर मोठे मासे खातील. पहिल्या दिवसापासून ताजा उबवलेला आर्टेमिया, म्हणजे कोलंबीच्या दूरच्या नात्यातला अगदी बारीक जीव, द्यायचा, पण त्याला आधी ओमेगा मेदाम्लांचं एनरिचमेंट, म्हणजे पोषक मिश्रण, द्यायला विसरायचं नाही. ते न मिळालेली पिल्लं दोन-तीन आठवडे छान वाढतात आणि मग कुणी एकदम दिवा लावला तर आचके देऊन मरतात. दिवा हळूहळू लावा, आणि एनरिचमेंट मात्र रोज.

नराला पिल्लं सोडल्यावर भरपूर खाऊ घाला. मादी लगेच पुन्हा मागे लागते. नर खंगलेला दिसला तर टँकमध्ये मधोमध पारदर्शक पार्टिशन घालून त्याला काही आठवडे विश्रांती द्या. पिल्लं झाली की मला कळव, मोजून कळव.

*आमच्या घरात मासळी येत नाही, सासूबाई फ्रीजमध्ये कोलंबी ठेवू देणार नाहीत. मग कार्डिनल ठेवणं अशक्य आहे का? – एक वाचिका, पुणे*

अशक्य मुळीच नाही. हॅचरीतला मासा बारीक मरीन पेलेट खातो, आणि आर्टेमियाची अंडी कोरडी, डब्यात मिळतात. ती बाटलीत खाऱ्या पाण्यात एअर पंप लावून घरीच उबवायची, २४ ते ३६ तासांत तयार. एवढ्यावर पिल्लू वाढतं. मोठ्या जोडीला अंडी घालायची असतील तर मात्र फ्रोझन मायसिससारखं (हा कोलंबीसारखा छोटा जीव) मांसल खाणं अधूनमधून हवं. त्याच्या सीलबंद पट्ट्या असतात, वास येत नाही. माझी एक विद्यार्थिनी त्यासाठी छोटा फ्रीज वेगळा ठेवते, तेही सासूबाईंना विचारूनच. ज्यांच्या घरी मासळी येते त्यांना माझं सांगणं: ताजा जवळा धुऊन, बारीक चिरून, छोट्या पुड्यांत गोठवा. सुकवलेला, मिठातला नको.

दिवसातून दोनदा थोडं थोडं घाला. बांगाई सावकाश खाणारा मासा आहे. सोबत ट्रिगर किंवा मोठे डॅमसेल असतील तर त्याच्या तोंडापर्यंत काही पोचत नाही. लायनफिश असेल तर बांगाईच त्याचं खाणं होतो.

*नागपूरचा उन्हाळा आणि मरीन टँक, जमेल का? चिलरची (पाणी गार करणाऱ्या यंत्राची) किंमत ऐकून हात-पाय गळाले. – एक वाचक, नागपूर*

जमेल, आणि एका बाबतीत तुम्ही मुंबईकरांपेक्षा नशीबवान आहात. बांगाईला २४ ते २७ अंश लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने पाणी गार होतं, तुमचे माठ गार होतात तसंच. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईपेक्षा कितीतरी जास्त चालतो. दमट हवेत पंखा नुसता फिरतो. पण पाणी झपाट्याने उडेल आणि मीठ मागे राहील, म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. टँकच्या काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि रोज रेघेपर्यंत भरा. एप्रिल-मेमध्ये दुपारी दिवे बंद ठेवा, संध्याकाळी लावा. तरीही पाणी सलग ३० च्या वर राहायला लागलं तर चिलरला पर्याय नाही. टँक घेण्याआधी तो खर्च धरूनच हिशोब करा. वीज जाते तेव्हा मासे आधी उकाड्याने नाही, ऑक्सिजनअभावी मरतात. बॅटरीवरचा एअर पंप शंभर टक्के हवाच.

*रत्नागिरीत समुद्र दारातच आहे. तेच पाणी आणून वापरलं तर सॉल्टचा खर्च वाचेल. आणि भाऊ मालवणला असतो, तो प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणतो. – एक वाचक, रत्नागिरी*

पाणी चालेल, पण कुठूनही आणि केव्हाही नाही. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्यावर पसरतो, त्या महिन्यांत विसरा. डिसेंबर ते मे या काळात, बंदर, जेटी आणि खाडीच्या तोंडापासून दूर, भरतीच्या वेळी पाणी घ्या. डिझेलचा तवंग दिसला तर परत या. आणलेलं पाणी दाट कापडातून गाळा, झाकलेल्या पिंपात अंधारात एक-दोन आठवडे पंप लावून ठेवा, मग क्षारता आणि अमोनिया तपासा. सॉल्टचं पाणी दर वेळी सारखं निघतं, समुद्राचं तसं नाही, म्हणून दर खेपेला मोजायचंच.

प्रवाळाचं मात्र भावाला आजच फोन करून थांबवा. २००१ पासून दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, वाघाला आहे तेच. मेलेला तुकडा उचलणं आणि जवळ ठेवणंही गुन्हाच. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं ते याच किनाऱ्यासाठी. टँकमध्ये सिरॅमिकचे किंवा सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे कृत्रिम दगड घाला, जिवाणू त्यावर तितकेच आनंदाने बसतात.

*बदली झाली आहे, टँक नेता येणार नाही. चार बांगाई जवळच्या समुद्रात सोडले तर निदान मोकळे जगतील ना? – एक वाचक, वेंगुर्ले*

सोडू नका, कृपा करून सोडू नका. सुलावेसीच्या ईशान्य टोकाशी लेम्बे सामुद्रधुनीत २००० च्या सुमारास व्यापाऱ्यांकडून सुटलेले थोडे बांगाई होते, आज तिथे ते प्रचंड संख्येने आहेत. तिथल्या मूळ माशांच्या लपायच्या जागा त्यांनी घेतल्या. मासा एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही. आणि पिंपरीच्या पत्रातला विषाणू पाहिलात ना? तो आपल्या कोकणच्या माशांत नेऊन सोडायचा धोका कुणी का पत्करावा? चार मासे सांभाळणारा हौशी माणूस सिंधुदुर्गात नाही तर गोव्यात नक्की मिळेल. बदलीची तारीख आणि टँकचं माप मासिकाच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या अंकात इथेच छापते. तोवर खाणं अर्ध्यावर आणा आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत राहा.